रेषेच्या आत फक्त खेळाडू

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचा शब्द ज्यांच्यापाशी सुरू होतो व ज्यांच्यापाशीच संपतो, ते आदरणीय आबासाहेब, प्रकृती बरी नसतानाही अगत्यानं आलेले आजचे प्रमुख पाहुणे, निवृत्त प्राचार्य गुरुसिद्धप्पा सर, संस्थेचे सचिव इंद्रजीतराव, मुख्याध्यापक नारायण सर, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका, कार्यालयातले, प्रयोगशाळेतले, मैदानावरचे सेवक बंधू-भगिनी, पालकहो, आणि मघापासून मागच्या दाराशी चुळबूळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याविषयी आत्ता सहा जण बोलले. रेश्मा मॅडम म्हणाल्या, लीला मॅडम कधी कुणावर चिडल्या नाहीत. एकतीस वर्षं ज्यांनी माझी शिट्टी ऐकली आहे, त्यांनी माना खाली घालून हसू लपवलं. ते मला इथून वरून स्पष्ट दिसलं. कुणी मला संयमी म्हणालं, कुणी मनमिळाऊ. नारायण सरांनी ‘आज्ञाधारक’ हा शब्द वापरला. सर, तो तुमच्या मनाचा मोठेपणा. पण त्या शब्दाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पंधरा घेईन. निवृत्तीच्या दिवशी कारणे दाखवा नोटीस निघते का, हे सकाळीच कार्यालयात विचारून आले आहे. सहसा निघत नाही म्हणाले.

आत चहा घेताना गुरुसिद्धप्पा सरांनी मला विचारलं, “मॅडम, तुमचं नाव निघालं की लोक ताटली फेकायच्या खेळाविषयी बोलतात. तो काय खेळ आहे?” सर, तुमच्या प्रश्नानं माझी सोय झाली. नाहीतर हा विषय आज काढायचा कसा, या विचारात मी दोन दिवस होते.

अल्टिमेट फ्रिस्बी असं त्या खेळाचं नाव. आमच्या पोरांनी त्याचं ‘चकती’ करून टाकलं. दोन्हीकडं सात-सात खेळाडू, मुलं आणि मुली एकत्र. चकती हातात आली की पळायचं नाही, जागेवर उभं राहून साथीदाराकडं फेकायची. फेकत फेकत मैदानाच्या टोकाला जो पट्टा आखलेला असतो, त्यात कुणी ती झेलली की एक गुण. अंगाला अंग लावायचं नाही. चकती जमिनीला टेकली की ती समोरच्यांची. खेळ एवढाच. अर्ध्या तासात कुणालाही शिकवता येतो.

शिकवता येत नाही ती एकच गोष्ट. या खेळात पंच नसतो.

अकरा वर्षांपूर्वी पुण्याला क्रीडाशिक्षकांचं शिबिर होतं, तिथं मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, “अगं, मग फाउल कोण देतं?” ती म्हणाली, “ज्याला लागलं तो.” मी म्हटलं, “आणि ज्यानं मारलं तो नाही म्हणाला तर?” ती म्हणाली, “तर चकती आधी ज्यानं फेकली होती त्याच्याकडं परत जाते. तो फाउल झालाच नाही असं समजून पुन्हा खेळायचं.” मी आयुष्यभर कबड्डी आणि खो-खोची पंचगिरी केलेली बाई. मला ते पोरखेळासारखं वाटलं. तरी येताना मी दहा चकत्या घेऊन आले.

नियमपुस्तक इंग्रजीत होतं. पोरांना समजावं म्हणून मी आणि रेश्मा मॅडमनी ते मराठीत लिहायला घेतलं. रोज मधल्या सुट्टीत बसायचो. सगळं जमलं, पण पहिल्याच पानावरच्या एका शब्दानं आम्हाला आठवडाभर अडवून धरलं. ‘स्पिरिट’. पंच नसला तरी हा खेळ ज्याच्या जोरावर चालतो, ती गोष्ट. मी ‘आत्मा’ लिहिलं, ते कीर्तनासारखं वाटलं. रेश्मा मॅडमनी ‘खिलाडूवृत्ती’ लिहिलं, ते बक्षीस समारंभासारखं वाटलं. तेव्हा कार्यालयातले आपले शिपाई कोंडीबा झेरॉक्सचे कागद घेऊन उभे होते. ते म्हणाले, “म्याडम, रागावू नका. इमान लिवा की.”

आम्ही इमान लिहिलं. आजही ते पान तसंच आहे.

पहिलं वर्ष धिंगाण्यात गेलं. पंच नाही म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा फाउल, असा अर्थ पोरांनी लावला. मोठ्या माणसांनी तरी दुसरा काय लावला असता? मी रोज सांगायची, फाउल मागणं म्हणजे आरोप नव्हे. तू काय पाहिलंस, तुला काय लागलं, ते सांग. तुला काय हवंय ते सांगू नको. समोरच्यानं ऐकायचं. त्याला पटलं तर ‘मान्य’ म्हणायचं, नाही पटलं तर ‘अमान्य’. पाऊण मिनिटात बोलणं संपवायचं. नाहीच जमलं तर चकती परत. या नियमात कुणी कुणाला खोटं म्हणत नाही. दोघंही खरं बोलत असतील आणि तरी जुळत नसेल, एवढी जागा हा नियम माणसाला देतो.

त्या मुलांमध्ये एक मुलगी होती, अपेक्षा. कोंडीबांची मुलगी. धावायला वाऱ्यासारखी, उडी अशी की उंच पोरांच्या डोक्यावरून चकती काढून आणायची. पण पहिल्या वर्षी तिनं एकही फाउल मागितला नाही. पोरं तिच्या अंगावर येऊन आदळायची, ती उठायची, धूळ झटकायची आणि पुन्हा उभी राहायची. एकदा तिचा ओठ फुटला तरी गप्प. मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, “लागलं ना?” ती म्हणाली, “थोडंसं.” मी म्हटलं, “मग बोललीस का नाहीस?” ती म्हणाली, “त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं.”

मी तिला झापलं. होय, रेश्मा मॅडम, चिडून झापलं. म्हटलं, “मुद्दाम का चुकून ते तुला कुणी विचारलं नाही. लागलं असेल तर लागलं म्हणायचं. लागलेलं लपवलंस तर तेही खोटंच.” हे वाक्य माझं आहे. पुढं जे काही झालं त्याचा उगम त्या वाक्यात आहे, म्हणून आज मी ते सर्वांसमोर माझ्या नावावर घेते.

सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी महिना. आपल्या संस्थेच्या सहा शाळांची चकतीची स्पर्धा याच मैदानावर, या सभागृहाच्या मागं झाली. अंतिम सामना आपली ही शाळा आणि आपल्याच संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा यांच्यात. त्यांच्या संघात आबासाहेबांचा नातू पृथ्वीराज होता. चांगला खेळाडू, उंच, डोकं शांत. मुद्दाम सांगते, कारण त्या दिवसानंतर त्याच्याविषयी दोन्ही बाजूंनी बरंच भलतंसलतं बोललं गेलं.

दहा-दहा बरोबरी झाली. पुढचा गुण जो करील तो जिंकणार. चारशे माणसं मैदानाभोवती. बक्षीस समारंभासाठी मंडप घातलेला, आबासाहेबांच्या हातात ध्वनिक्षेपक. आमच्या ओजसनं लांबून चकती टाकली. टोकाच्या पट्ट्यात अपेक्षा आणि पृथ्वीराज दोघांनी एकदमच उडी घेतली, चकती हवेत थरथरली आणि खाली पडली. इंग्रजी शाळेच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या. अपेक्षा उठली, हात वर केला आणि म्हणाली, “फाउल.”

आयुष्यात तिनं मोठ्यानं मागितलेला तो बहुधा तिसरा की चौथा फाउल असेल.

मी रेषेबाहेर, त्यांच्यापासून सहा-सात पावलांवर उभी होते. दोघांचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू आलं.

ती म्हणाली, “तुझा हात माझ्या मनगटावर आला. चकती त्यानंतर सुटली.”

तो म्हणाला, “माझा हात आधी चकतीला लागला. मनगटाला लागल्याचं मला कळलं नाही.”

“मला कळलं.”

“मग मला अमान्य म्हणावं लागेल.”

“म्हण की.”

“अमान्य.”

झालं. पंधरा-वीस सेकंदांत संपलं. दोघांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओजस चकती घ्यायला हात पुढं करून उभा होता. पाच वर्षं मी ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला होता, ती माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. मला आनंद झाला. एवढा आनंद सुवर्णपदकं मिळालेल्या मुलांनीही मला दिला नव्हता.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून आबासाहेबांचा आवाज आला. “खेळ थांबवा. मॅडम, यांच्यात खरं कोण बोलतंय? निर्णय द्या.”

माझ्याकडं ध्वनिक्षेपक नव्हता. मैदानावरच्या बाईला लागत नाही. मी म्हटलं, “साहेब, निर्णय झाला. चकती ओजसकडे परत.”

“तुम्ही शेजारीच उभ्या होता. तुम्ही काय पाहिलंत?”

“मला खेळाडूंनी विचारलेलं नाही.”

“मी विचारतोय.”

“साहेब, आपण रेषेच्या बाहेर आहात. मीही आहे.”

आता इथं गुरुसिद्धप्पा सरांसारख्या अभ्यासू माणसाच्या मनात शंका येईल, की हे बाईंचं शब्दांत पकडणं झालं. तसं नाही, सर. नियम साफ आहे. निर्णय खेळाडूंनी करायचा. त्यांना स्वतःला वाटलं तर ते बाहेरच्या माणसाला विचारू शकतात, की तुम्हाला काय दिसलं? विचारलं तर सांगायचं. पण विचारण्याचा हक्क त्यांचा. तो मंडपाचा नाही, पालकांचा नाही, आणि ज्या बाईनं नियमपुस्तक मराठीत लिहिलं तिचाही नाही. अध्यक्षांसाठी तिथं पोटनियम नाही. मी दोनदा शोधला.

आबासाहेबांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला. शेजारी कोंडीबा शाली-श्रीफळांचं ताट धरून उभे होते. साहेब त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. कोंडीबांनी ताट टेबलावर ठेवलं, टोपी सरळ केली आणि मंडपातून निघाले. सगळं मैदान ओलांडून, चारशे माणसांच्या नजरेसमोरून चालत माझ्यापर्यंत आले.

“म्याडम, सायबांनी सांगितलंय. पोरीला म्हणावं, फाउल माघारी घे.”

मी म्हटलं, “कोंडीबा, रेषेच्या आत फक्त खेळाडू.”

ते म्हणाले, “ठावं हाय मला. त्यो कागद मीच छापलाय की.”

ते चुन्याच्या रेषेपाशी थांबले. चपलेचं टोकसुद्धा त्यांनी आत जाऊ दिलं नाही. तिथूनच मुलीला विचारलं, “आप्पे, तुला लागलं का?”

“व्हय.”

“नक्की?”

“व्हय, दादा.”

“बरं,” म्हणाले आणि वळले. आले होते तेवढंच अंतर पुन्हा चालून मंडपात गेले आणि ताट हातात घेतलं. साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. जवळ असलेल्यांनी नंतर सांगितलं. तीनच शब्द होते. “लागलंय म्हणती, सायेब.”

खेळ पुन्हा सुरू झाला. ओजसनं चकती टाकली, ती त्यांच्या पोरांनी अडवली, चार फेकींत टोकापर्यंत नेली आणि शेवटचा झेल पृथ्वीराजनं घेतला. आम्ही अकरा-दहानं हरलो. ज्यांनी ही गोष्ट आजवर वेगळी ऐकली असेल त्यांनी नोंद घ्यावी. चषक इंग्रजी शाळेला मिळाला. अपेक्षाच्या त्या फाउलनं कुणाचंही बक्षीस हिरावलं नाही.

सामना झाल्यावर या खेळात दोन्ही संघ मिसळून गोल करतात, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि खेळाविषयी दोन शब्द बोलतात. तसा गोल झाला. पृथ्वीराजच्या शेजारी अपेक्षा होती. काय बोलली ती पोरं, ते मला माहीत नाही. मी रेषेबाहेर होते.

तीन दिवसांनी मला नोटीस आली. पाच मुद्दे होते. अध्यक्षांच्या सूचनेचा अवमान, प्रेक्षकांसमोर उद्धट वर्तन, विद्यार्थ्यांना बेशिस्तीस प्रोत्साहन, वगैरे. पाचवा मुद्दा असा की, सामना संपल्यावर मुलामुलींनी परस्परांच्या खांद्यावर हात टाकण्याचं प्रयोजन काय. सात दिवसांत लेखी क्षमा मागावी, अन्यथा माझी कुर्डुवाडीच्या शाखेत आणि शिपाई कोंडीबा यांची बार्शीच्या शाखेत बदली करण्यात येईल.

माझं मला काही वाटलं नाही. मी एकटी बाई. आई काशम्मा गेल्यापासून घरात माझी वाट पाहणारं कुणी नाही. पण कोंडीबांचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या माणसानं काय केलं होतं? मुलीला एक प्रश्न विचारला होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. गोजरबाई भाकरी थापत होत्या. अपेक्षा दाराशी बसून गणितं सोडवत होती. मी कोंडीबांना म्हटलं, “मी माफी लिहून देते. चार ओळींचा प्रश्न आहे. तुमची बदली थांबेल.”

ते म्हणाले, “काय लिवनार?”

“की माझी चूक झाली. मी निर्णय द्यायला हवा होता.”

“निर्णय द्यायचा म्हंजी कोन खोटं ठरनार?”

आणि तेच पुढं म्हणाले, “मग नका लिवू. माफी मागितली की पोरगी खोटी ठरंल. मी जातो बार्शीला. लई लांब न्हाय.”

मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगते, मी उठतच होते. तेव्हा गोजरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाल्या, “बाई, लिवायचं नव्हतं तर तुमी लिवलं नसतं. आनि लिवायचं असतं तर आमाला न इचारता लिवलं असतं. आमच्या तोंडातून ‘न्हाय’ वदवायला हितं कशाला आलात?”

मी चपला घातल्या आणि निघाले. ते उत्तर अजून द्यायचं आहे.

सातव्या दिवशी मी नोटिशीला उत्तर दिलं. एक ओळ. ‘नियमपुस्तिका सोबत जोडली आहे.’

मी चार वर्षं कुर्डुवाडीला रेल्वेनं जाऊन-येऊन नोकरी केली, मग इथं परत आले. शिक्षा म्हणून पाठवलं होतं, पण तिथं मैदान मोठं निघालं. रेल्वे कामगारांची पोरं वक्तशीर असतात, साडेसहा म्हणजे साडेसहाला हजर. तिथं आता बावीस जणांचा संघ आहे. आज त्यातले नऊ जण सकाळच्या गाडीनं आले आहेत. मागच्या दाराशी जी चुळबूळ चालली आहे ती त्यांचीच. इथं, आपल्या मैदानावर, चकती बंद झाली ती झालीच. कोंडीबा बार्शीला राहिले, आठवड्यातून एकदा एसटीनं घरी यायचे. मुलीची दहावी आणि बारावी त्यांनी फोनवर ऐकली. गेल्या जूनमध्ये त्यांना परत आणलं. संस्थेनं कृपा केली असं इतिवृत्तात लिहिलं आहे. अपेक्षा पुण्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आज रजा मिळाली नाही.

या सहा वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला गेला असेल? “मॅडम, आता तरी सांगा, तुम्ही काय पाहिलंत?” नारायण सरांनी विचारलं. शिक्षकांच्या खोलीत विचारलं गेलं. सात रस्ता चौकात भाजी घेताना एका पालकानं गाडी थांबवून विचारलं. मी पाहिलं नाही म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. पण मी पाहिलं होतं. सहा पावलांवरून, लख्ख उन्हात, स्वच्छ पाहिलं होतं. मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आज सांगेन अशा अपेक्षेनं पुढच्या रांगेतल्या काही मंडळींनी माना पुढं काढल्या आहेत, त्यांनी त्या खुशाल मागं घ्याव्यात.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या दाराची कडी वाजली. पृथ्वीराज उभा होता. इंजिनिअर होतोय आता, दाढी राखली आहे. पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोललो असं तुम्हाला वाटलं होतं का?”

मी म्हटलं, “नाही. एक क्षणभरही नाही.”

तो म्हणाला, “घरी सगळे म्हणायचे, आमच्या पोराला खोटं ठरवलं, म्हणून धडा शिकवला. शाळेत पोरं म्हणायची, आजोबांनी वाचवलं. मला कुणी वाचवायला नको होतं. आमचं मिटलं होतं.” मग थोडं थांबून म्हणाला, “मी पुन्हा खेळलो नाही, मॅडम.”

आबासाहेब, हे मी आपल्याला दुखवायला सांगत नाही. आपण नातवाच्या प्रेमापोटी बोललात, हे मी तेव्हाही जाणत होते. पण त्या दोन मुलांनी वीस सेकंदांत जे स्वच्छ ठेवलं होतं, त्यात आपण ‘खरं कोण’ हा प्रश्न टाकलात. तो प्रश्न त्या मैदानावर नव्हताच. दोघांपैकी एक खोटं असलंच पाहिजे, हा आपला नियम होता. आमच्या पुस्तकात तो नाही.

मी काय पाहिलं ते पृथ्वीराजनं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, कारण तो खेळाडू होता. अपेक्षानंही कधी विचारलेलं नाही. त्या दोघांना गरज वाटत नाही, तोवर ते माझ्यापाशीच राहील.

आता माझ्या आधी इंद्रजीतरावांनी जी घोषणा वाचून दाखवली, तिच्याकडं येते. संस्था पुढच्या फेब्रुवारीपासून चकतीची स्पर्धा पुन्हा सुरू करणार आहे, आणि तिच्या विजेत्यांना ‘लीला मॅडम चषक’ देणार आहे. आपण टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले. पण घोषणेतलं शेवटचं वाक्य टाळ्यांत बुडालं, ते मी पुन्हा वाचते. ‘सामन्यांसाठी पंचांची नेमणूक संस्थेमार्फत करण्यात येईल व त्यांचा निर्णय अंतिम राहील.’

इंद्रजीतराव, स्पर्धा घ्या. जरूर घ्या. पंच नेमा, शिट्ट्या द्या, टोप्या द्या. तोही एक खेळ होईल आणि कदाचित बराही होईल. फक्त त्या चषकाला माझं नाव देऊ नका. मी हा सन्मान नाकारते. नम्रपणे नाकारते असं म्हणायची पद्धत आहे, पण ती नम्रता मला आज साधणार नाही. ज्या दिवशी पंच नसेल, मंडपातून आवाज येणार नाही आणि शिपायाला त्याच्या लेकीवर पाठवलं जाणार नाही, त्या दिवशी नाव हवं तर वापरा. तेव्हा मात्र नावाची गरजही उरणार नाही.

आणि ज्या पोरांना जुन्या नियमानं खेळायचं आहे, त्यांच्यासाठी सांगते. उद्यापासून मी कुणाची नोकर नाही. माझ्या घरामागं पटांगण आहे, दगड आहेत पण ते वेचता येतील. रविवारी सकाळी साडेसहा. चुना मी आणते.

नारायण सर, आपण मघाशी ‘आज्ञाधारक’ म्हणालात. विचार केला तर शब्द चुकीचा नाही. मी एका पुस्तिकेची आज्ञा पाळली. तिच्यावर सही कुणाचीच नाही, म्हणून कार्यालयाला ती दिसत नाही.

आभार मानायचे तर पुष्कळांचे आहेत. या संस्थेनं मला एकतीस वर्षं मैदान दिलं, त्यात कुर्डुवाडीचंही आलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. रेश्मा मॅडम, मधल्या सुट्ट्यांतल्या तुमच्या डब्याबद्दल आणि शब्दांबद्दल आभार. गुरुसिद्धप्पा सर, आपण एक साधा प्रश्न विचारलात आणि मी त्याचं इतकं लांब उत्तर दिलं. आपण ते डोळे न मिटता ऐकलंत. आबासाहेब, आपण मला थांबवलं नाहीत. आज ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता हे खरं, पण हात उचलून आपल्याला थांबवता आलं असतं. आपण थांबवलं नाहीत, याची मी नोंद घेते.

राहता राहिली ती क्षमा. पंधरा मिनिटं म्हणून बरीच जास्त घेतली, बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, ते सर्वांनी पोटात घालावं. ती झाली सभेची रीत. पण मला खरी क्षमा या सभागृहात एकाच व्यक्तीची मागायची आहे, आणि ती व्यासपीठावर बसलेली नाही. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, कोंडीबांच्या बाजूला बसली आहे.

गोजरबाई, त्या संध्याकाळी मला काय करायचं ते ठाऊक होतं. ते एकटीनं करायचं धाडस मला झालं नाही, म्हणून मी माझा प्रश्न तुमच्या चुलीपुढं आणून टाकला, आणि नाही म्हणण्याचं ओझं तुमच्या माणसाच्या खांद्यावर ठेवून मोकळी झाले. तुम्ही तेव्हाच बोललात. मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही.

तो फाउल माझा होता. मान्य.